मेडल कुणाचं, अभ्यास कुणाचा?

 

मागच्या सत्संगानंतर एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांची मुलगी आठवीत आहे, गणितात हुशार आहे. एका क्लासवाल्याने सांगितलं, "ऑलिम्पियाडच्या बॅचला घाला, मेडल आलं की आयआयटीत थेट ॲडमिशन." फी ऐकून ताई गप्प झाल्या. घरी बसून साड्यांवर स्टोन लावायचे, त्यातून जे हाताशी येतं ते तीन-चार महिने बाजूला ठेवलं, तर ती फी निघेल. ताईंनी विचारलं, "घालू का नको? आणि लेकराला असं फळ दाखवून अभ्यासाला बसवणं बरोबर आहे का?"

हे दोन प्रश्न आहेत. पहिला माहितीचा, दुसरा मनाचा. पुष्कळदा आपण मनाच्या प्रश्नावर गोड बोलतो आणि माहितीचा प्रश्न सोडून देतो. मग फसवणारा फसवून जातो. म्हणून आधी माहिती घेऊ.

*ऑलिम्पियाड नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत*

शाळेत जी ऑलिम्पियाडची पुस्तिका येते, शे-दोनशे रुपये भरून फॉर्म भरतो, आणि बऱ्याच मुलांना रिबिनीचं मेडल मिळतं, ती खाजगी परीक्षा असते. मुलाला सराव होतो, हुरूप येतो, त्यात वाईट काही नाही. पण त्या मेडलवर आयआयटीत नंबर लागत नाही.

दुसरी ती खरी ऑलिम्पियाड. देशाचा संघ निवडायचं काम मुंबईला मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. गणितात भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जातो. तिथे पोचायला पायऱ्या आहेत: पहिली चाळणी परीक्षा, मग प्रादेशिक, मग राष्ट्रीय, मग काही आठवड्यांचं शिबिर, आणि शेवटी सहा मुलांचा संघ. अख्ख्या देशातून फक्त सहा. भौतिकशास्त्राला पाच, रसायन आणि जीवशास्त्राला चार-चार. जुन्या प्रश्नपत्रिका केंद्राच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. म्हणजे पहिली पायरी चढायला क्लास लागतोच असं नाही.

या खऱ्या वाटेवर जी मुलं वरपर्यंत जातात, त्यांच्यासाठी काही दारं उघडतात, हे खरं आहे. चेन्नईची गणित संस्था शिबिरापर्यंत गेलेल्या मुलांना प्रवेश देते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राष्ट्रीय परीक्षेत निवडलेल्यांना लेखी परीक्षा माफ असते, सरळ मुलाखतीला बोलावतात. आयआयटी मुंबईने गणिताच्या एका अभ्यासक्रमासाठी अशी वाट ठेवली आहे. आयआयटी कानपूरने २०२५-२६ पासून ऑलिम्पियाडवाल्यांना वेगळा मार्ग दिला, आयआयटी मद्रासनेही तसा जाहीर केला. पण या जागा मोजक्या आहेत. आयआयटीच्या अठरा हजारांच्या आसपास जागा आजही जेईईच्याच वाटेने भरतात. तेव्हा "मेडल म्हणजे थेट ॲडमिशन" हे वाक्य शंभरातल्या नव्व्याण्णव घरांसाठी खोटं आहे. ताई, फी भरायच्या आधी हे माहीत असलं पाहिजे.

*एकच मेडल, दोन उत्तरं*

मुंबईच्या मालविका राज जोशी या मुलीचं नाव २०१६ मध्ये सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. तिच्या आईने तिला सातवीत शाळेतून काढून घरीच शिकवलं. वेगवेगळे विषय चाळता चाळता तिला प्रोग्रामिंगची गोडी लागली. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तिने तीन पदकं आणली, दोन रौप्य आणि एक कांस्य. पण आयआयटीत तिला जागा नव्हती, कारण बारावीचं सर्टिफिकेट नव्हतं. नियम तो नियम. अमेरिकेतल्या एमआयटीने मात्र स्कॉलरशिप देऊन घेतलं.

हे ऐकून कोणी पोराला शाळेतून काढू नका. बारावीची अट आपल्याकडे आहेच. आपण घ्यायचं ते एवढंच, की पदक तेच असून एका दारावर त्याचा उपयोग झाला नाही आणि दुसऱ्या दारावर झाला. मग पदकाचं मोल काय म्हणायचं? पदक म्हणजे साक्षीदार. पोरीने कितीतरी वर्षं एका विषयात जीव ओतला, याची ते साक्ष देतं. एमआयटीने साक्ष ऐकली आणि पोरीला घेतलं. जीव ओतलेलाच नसेल तर साक्षीदार विकत आणून काय उपयोग?

तसा प्रयत्न होतो म्हणा. दक्षिण कोरियात बाहेरच्या स्पर्धांची बक्षिसं बघून प्रवेश मिळतो असं दिसलं, तेव्हा त्या स्पर्धांसाठी क्लासचं पेव फुटलं. ज्यांच्याकडे पैसा त्यांची मुलं पुढे. शेवटी सरकारने शाळेच्या नोंदीत बाहेरच्या स्पर्धांची बक्षिसं लिहायलाच मनाई केली. दार गोडी असलेल्यांसाठी उघडलं होतं, गर्दी मात्र गोडी नसलेल्यांची झाली. आपल्याकडे वाटा आता कुठे उघडत आहेत. तोच खेळ इथे होऊ द्यायचा का, हे आपल्यासारख्या घरांच्या हातात थोडंतरी आहे.

*आता मनाचा प्रश्न*

आपण निष्काम कर्माबद्दल खूप ऐकतो. पण खरं सांगायचं तर ज्याच्या घरी पोटापुरतं आहे, त्याला "फळाची आशा सोड" म्हणणं सोपं जातं. धुळे-जळगाव-नंदुरबारहून सुरतेला आलेली आपली माणसं लूम्सच्या खात्यात बारा-बारा तास उभी राहिली, ती मुलांनी खात्यात उभं राहू नये म्हणून. त्या बापाला मुलीच्या ॲडमिशनची इच्छा आहे. ती इच्छा म्हणजे लोभ नव्हे. ते त्याचं कर्तव्यच आहे. निष्काम होणं म्हणजे मुलांच्या भविष्याची चौकशी सोडणं, असा अर्थ कोणी काढू नये.

मग फरक कुठे आहे? गणित सोडवायला बसलं, त्या वेळी मन कुठे आहे, तिथे फरक आहे.

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचा पेपर कसा असतो बघा. दोन दिवस, रोज साडेचार तास, आणि रोज फक्त तीन गणितं. म्हणजे एका गणिताला दीड तास. त्या दीड तासातला बराच वेळ काहीच सुचत नाही. कागद कोरा असतो. ज्याचं मन मेडलकडे आहे, तो वीस मिनिटांत घाबरतो, "गेलं आता," म्हणतो. ज्याचं मन गणितात आहे, त्याला अडकण्यातही मजा वाटते. तो बसून राहतो. अशा वेळी फळाचा विचार कामच बिघडवतो. निष्काम कर्म हा नुसता उपदेश नाही, परीक्षेच्या खोलीत तो रोकडा अनुभव आहे.

घरच्या घरी ओळखायचं असेल तर लेकराला एकदा सहज विचारा, "समज, याचं मेडलच मिळणार नाही, कोणाला कळणारही नाही. तरी हे गणित सोडवशील?" डोळे चमकले तर त्याला जे लागेल ते द्या, वेळ द्या, जमेल तेवढा पैसाही द्या. चेहरा पडला तर समजा की मेडल आपल्याला हवं होतं, लेकराला नाही. त्यात लेकराचा दोष नाही. त्याची गोडी दुसरीकडे असेल, ती शोधा.

आणि एक गोष्ट आपल्याच घराची. कुटुंबाच्या ग्रुपवर सर्टिफिकेटचा फोटो पडतो. पन्नास जण अंगठा दाखवतात, फुलं टाकतात. त्याच ग्रुपमध्ये मामाचा मुलगा असतो, ज्याचा नंबर आला नाही. त्याची आई मोबाइल बाजूला ठेवते आणि त्याच्याकडे बघते. ती काही बोलत नाही, पण पोराला सगळं कळतं. कौतुक जरूर करा. पण मुलाच्या यशावर आपण किती उंच दिसतो, हे मोजायला लागलो की मुलगा आपलं मेडल होतो. मग हरल्यावर तो घरी यायला घाबरतो. त्या भीतीपुढे कुठल्याही कॉलेजची सीट छोटी आहे.

*भिंतीवरचा फळा*

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर कोल्हापूरला जन्मले, वाढले काशीला. वडील तिथल्या विद्यापीठात गणित शिकवायचे. घरात भिंतीवर फळा होता. त्यांचे मोरूमामा शिकायला त्यांच्याकडे राहत होते. ते त्या फळ्यावर भाच्यासाठी एक अवघड गणित लिहून ठेवायचे, आव्हान म्हणून. सुटेपर्यंत ते गणित फळ्यावर तसंच. फी नाही, मेडल नाही, टाइम-टेबल नाही. पुढे हाच मुलगा केंब्रिजला गणितात पहिला आला, सीनियर रँग्लर झाला. परदेशात नाव झाल्यावर १९७२ मध्ये भारतात परतला, पुण्यात आयुका उभी केली आणि आयुष्यभर मराठीत मुलांसाठी लिहिलं.

त्यांच्या आधी दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले होते, असं यश मिळवणारे पहिले भारतीय. ते परत आले आणि थोड्या पगारावर फर्ग्युसन कॉलेजात मुलांना शिकवायला लागले. मोठ्या ठिकाणी पोचणं हे अर्धं काम. पोचून काय केलं, हे उरलेलं अर्धं. ॲडमिशनच्या धावपळीत आपण मुलांशी या उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलतच नाही.

नारळीकरांच्या घरी प्राध्यापक होते, आपल्या घरी नाहीत, असं कोणी म्हणेल. खरंच आहे. पण फळा शंभर-दोनशे रुपयांत येतो. गणित लिहिणाऱ्याला उत्तर आलंच पाहिजे असंही नाही. आई-बापाने "मलाही येत नाही, बघू आपण," म्हणत शेजारी बसणं, हेच मोठं आहे.

ताई, म्हणून तुम्हाला सांगणं असं: तूर्त ती फी भरू नका. मुलीला खऱ्या परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका शाळेतल्या गणिताच्या सरांकडून मोबाइलवर काढून द्या. सहा महिने बघा. ती स्वतःहून बसली, तर पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरा. शिबिरापर्यंत गेली तर आनंद. नाही गेली तरी अडकलेल्या गणितापाशी बसून राहायची सवय जेईईला, नीटला, दुकानाच्या हिशोबाला आणि संसारालाही उपयोगी पडेल.

*या आठवड्याचा गृहपाठ, सगळ्या घरांसाठी*

फळ्यावर किंवा वहीवर १ ते १० आकडे लिहा. त्यातले कोणतेही दोन पुसा आणि त्यांच्या जागी मोठ्यातून लहान वजा करून आलेला आकडा लिहा. असं करत जा. शेवटी एकच आकडा उरेल. तो शून्य आणता येईल का? येत असेल तर कसा, येत नसेल तर का नाही?

आजी-आजोबांनीही करून बघा. उत्तर ग्रुपवर टाकू नका, नाहीतर दुसऱ्याची मजा जाईल. रविवारी भेटलो की बोलू.

जय गुरुदेव 🙏