गुणांची बेरीज आणि कामाची कसोटी

व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शेवटी मिळणारे प्रमाणपत्र विद्यार्थ्याच्या हाती पडत असले, तरी त्यातला मजकूर खरे तर एका तिसऱ्याच व्यक्तीला उद्देशून असतो. वायरिंगच्या दुरुस्तीसाठी वीजतंत्र्याला बोलावणारा घरमालक, परिचारिकेपुढे दंड करणारा रुग्ण, वेल्डिंग केलेल्या वाफेच्या नळीशेजारी आठ तास उभा राहणारा कामगार, यांपैकी कोणीही परीक्षेच्या दिवशी हजर नसतो. संस्थेच्या शिक्क्यावर विसंबून त्यांनी आपली सुरक्षितता दुसऱ्याच्या हाती दिलेली असते. इतिहासाच्या पदवी परीक्षेत गुण देताना चूक झाली तर तिची झळ प्रामुख्याने विद्यार्थ्याला लागते. व्यावसायिक परीक्षेत चुकून उत्तीर्ण झालेल्याची किंमत मात्र हा अपरिचित माणूस मोजतो. म्हणून येथे मूल्यमापनाची पद्धत निवडताना पहिला प्रश्न असा यायला हवा, की कोणता पुरावा पाहिल्यावर हे काम या व्यक्तीवर निर्धास्तपणे सोपवता येईल.

भारतात हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये उभा राहतो. 1950मध्ये सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेतून फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, म्हणजेच सरकारी परिभाषेतील जोडारी, कातारी, संधाता आणि वीजतंत्री, घडवले जातात आणि त्यांची अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा घेतली जाते. तिच्या लेखी भागात आता संगणकावर बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात, प्रात्यक्षिकात ठरावीक वेळेत ‘जॉब’ करून दाखवायचा असतो आणि वर्षभर निदेशकाने केलेल्या आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे शिकणे चालू असतानाच वेळोवेळी केलेल्या तपासणीचे, गुणही धरले जातात. प्रात्यक्षिक आणि आकारिक मूल्यमापनात उत्तीर्ण होण्यासाठी किमान 60 टक्के, तर इतर विषयांत 33 टक्के, हा अभ्यासक्रमातील निकष रचनाकारांना हाताच्या कामाचे महत्त्व नेमके ठाऊक होते हे सांगतो. अडचण येते ती त्या 60 टक्क्यांत नेमके काय मोजले गेले, हे विचारल्यावर.

याचे उत्तर शोधताना अमेरिकन वैद्यकशिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1990मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची उतरंड उपयोगी पडते. माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवता येणे आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष करणे, अशा त्या पायऱ्या आहेत. बहुपर्यायी प्रश्न पहिल्या पायरीवर उत्तम चालतात, कारण थोड्या वेळात अभ्यासक्रमाच्या मोठ्या भागाची चाचपणी होते आणि तपासणाऱ्याच्या लहरीला वाव राहत नाही. बिघाडाचे वर्णन देऊन पुढचे पाऊल विचारले तर ते दुसऱ्या पायरीपर्यंतही पोचतात. त्यांची मर्यादा त्यापुढे सुरू होते. अर्थिंग का करतात याचे अचूक उत्तर निवडणारा विद्यार्थी अर्थिंगचा रोध मोजू शकेलच असे नाही, आणि परीक्षकासमोर मोजून दाखवणारा विद्यार्थी भर पावसात, गिऱ्हाईक घाई करत असताना, ते मोजण्याचे कष्ट घेईलच असेही नाही. वरच्या पायरीबद्दलचा दावा खालच्या पायरीवरील पुराव्याने सिद्ध होत नाही, एवढे एक तत्त्व पाळले तरी अनेक परीक्षांचे स्वरूप बदलावे लागेल.

तथापि ‘प्रात्यक्षिक घ्या’ एवढे म्हणूनही प्रश्न मिटत नाही, कारण कामाचा दर्जा प्रत्येक व्यवसायात वेगळ्या जागी दडलेला असतो. फिटरने कानशीने घासून बसवलेली नर-मादी जोडणी स्वतःच साक्ष देते, 0.02 मिलिमीटर लघुतम माप असलेला व्हर्नियर कॅलिपर लावला, की माप सहनमर्यादेत आहे की नाही ते कळते, आणि तयार वस्तूची तपासणी तेथे बहुतांशी पुरेशी ठरते. वेल्डरच्या बाबतीत वस्तू समोर असूनही पुरेसे बोलत नाही, कारण वरून एकसारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या आत वायूची छिद्रे किंवा अडकलेली मळी असू शकते. म्हणून सांध्याचा तुकडा कापून वाकवण्याची चाचणी किंवा क्ष-किरण तपासणी लागते. वीजतंत्र्याच्या कामात तर अंतिम वस्तू चक्क फसवते. पुरवठा बंद करणे, तो कोणी परत चालू करणार नाही अशी व्यवस्था करणे, तार खरोखर मृत आहे याची उपकरणाने खात्री करणे, या पायऱ्या वगळूनही दिवा तितकाच लखलखीत पेटतो. येथे पाहण्याजोगी गोष्ट दिवा नसून हातांचा क्रम आहे, आणि तो परीक्षकाने जवळ उभे राहूनच पाहावा लागतो. पद्धतीची निवड अशा रीतीने दर्जाचा पुरावा वस्तूत, प्रक्रियेत की निर्णयात आहे, यावर ठरते.

हे मान्य केले, की गुणांची बेरीज हाच एक दोष ठरू लागतो. वायरिंगच्या जॉबला जोडणी, नीटनेटकेपणा, वेळ, साहित्याची बचत आणि सुरक्षितता अशा शीर्षकांखाली गुण दिले आणि अखेरीस ते एकत्र केले, तर पुरवठा बंद न करता तारेला हात घालणारा परंतु बाकी सारे सुबक करणारा विद्यार्थी सहज प्रथम श्रेणीत येऊ शकतो. एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूच्या सफाईने भरून निघते, असे गृहीत धरूनच बेरीज केली जाते, आणि जिवाशी गाठ असलेल्या कृतींपुरते हे गृहीतक खोटे आहे. म्हणून प्रत्येक व्यवसायात अशा मोजक्या कृती आधीच ठरवून, त्या चुकल्यास बाकीचे गुण न पाहता पुन्हा प्रशिक्षण द्यावे, हे अधिक न्याय्य ठरते. रॉबर्ट ग्लेझर यांनी 1963मध्ये स्पष्ट केलेला भेद येथे लागू पडतो: विद्यार्थ्यांची परस्परांशी तुलना करणारे मोजमाप वेगळे आणि ठरवलेल्या निकषाशी प्रत्येकाची तुलना करणारे वेगळे. प्रवेशपरीक्षांवर पोसलेल्या समाजाला पहिल्याची सवय झाली आहे. व्यवसायाला दुसरे हवे असते, कारण वर्गात पहिला आलेला वीजतंत्रीसुद्धा असुरक्षित असू शकतो.

निकष ठरले तरी ते विश्वासार्हपणे लावता आले पाहिजेत. एका उमेदवाराला एक जॉब देऊन एका परीक्षकाने गुण दिले, तर निकालात नशीब आणि परीक्षकाचा स्वभाव यांचा वाटा मोठा राहतो, कारण एक काम चांगले करणारा दुसरे तितकेच चांगले करतो असे नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी 1975मध्ये प्रसिद्ध केलेल्या वैद्यकीय परीक्षापद्धतीने यावर उपाय सुचवला: उमेदवार एकामागून एक अनेक थांब्यांवर जातो, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटांचे निराळे काम करतो, आणि वेगवेगळे परीक्षक आधीच लिहिलेल्या तपशीलवार सूचीनुसार त्याला पारखतात. ही रचना रुग्णालयापुरती मर्यादित राहण्याचे कारण नाही. मोटर मेकॅनिकपुढे सहा वेगवेगळे बिघाड ठेवता येतात.

परीक्षक कोण, हा प्रश्नही पद्धतीइतकाच महत्त्वाचा आहे. वर्षभर विद्यार्थ्याला पाहणाऱ्या निदेशकाइतकी माहिती बाहेरच्या परीक्षकाला कधीच नसते, परंतु संस्थेचा निकाल हीच जेथे निदेशकाच्या कामगिरीची मोजपट्टी बनते, तेथे त्याच्या हातून कठोर निर्णयाची अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. जर्मनीच्या 1969च्या व्यावसायिक शिक्षण कायद्यानुसार अंतिम परीक्षा मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात व किमान एक शिक्षक असतो. ज्यांना त्या कारागिराबरोबर उद्या काम करायचे आहे, त्यांनाच निर्णयात वाटा देण्यामागे व्यावहारिक शहाणपण आहे.

उलट दिशेची चूकही तितकीच घातक असते, ती म्हणजे काम येत असलेल्याला नापास करणे. उस्तादाच्या हाताखाली वीस वर्षे काम केलेल्या गवंड्याला पूर्वज्ञानाच्या मान्यतेसाठी, म्हणजे अनुभवातून मिळवलेल्या कौशल्यावर शिक्कामोर्तब करून घेण्यासाठी, किचकट छापील प्रश्नपत्रिका दिली, तर त्यातून त्याचे वाचन मोजले जाते, बांधकाम नव्हे. अशा वेळी बोलीभाषेतील तोंडी परीक्षा आणि ओळंब्याला उतरलेली भिंत हाच अधिक शास्त्रशुद्ध पुरावा असतो. अर्थात नकाशा वाचणे ज्या कामाचा अंगभूत भाग आहे, तेथे ही सवलत लागू होत नाही. वाचन कामाला किती लागते, हे काम पाहूनच ठरवावे लागते.

या साऱ्याला खर्च येतो, हा आक्षेप खरा आहे. वेल्डिंगच्या कांड्या, कापून फेकावे लागणारे लोखंड, परीक्षकांचे दिवस, यांच्या तुलनेत संगणकावरील शंभर प्रश्न फारच स्वस्त पडतात. परंतु विद्यार्थी जे तपासले जाणार आहे तेच शिकतात आणि संस्था तेच शिकवतात, त्यामुळे स्वस्त परीक्षेचे खरे बिल कार्यशाळेत न वापरलेल्या यंत्रांच्या रूपाने दोन वर्षे फाटत राहते. महागडी तपासणी प्रत्येक कौशल्याला लावण्याची गरज नाही; चुकीचा परिणाम जेथे गंभीर आणि उशिरा उघड होणारा आहे, तेथे ती लावावी आणि उरलेल्या ठिकाणी साध्या साधनांवर भागवावे.

अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या बॉयलरविषयक संहितेत वेल्डरला मिळणारी पात्रता या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तिच्यावर टक्के नसतात. वेल्डिंगची प्रक्रिया कोणती, सांधा कोणत्या स्थितीत ठेवून जोडला, कोणत्या जाडीपर्यंत ती लागू आहे, एवढे नमूद असते, आणि सहा महिने ती प्रक्रिया वापरली नाही तर पात्रता संपते. असे प्रमाणपत्र धारकाची स्तुती करत नाही, पण ते वाचणाऱ्याला नेमके काय सोपवावे आणि काय सोपवू नये हे कळते. ‘78 टक्के’ या आकड्यातून ते कळत नाही, आणि ज्या मूल्यमापनाच्या अखेरीस ते कळत नाही, त्याने विद्यार्थ्याला क्रमांक दिला असला तरी समाजाला दिलेला शब्द पाळलेला नसतो.