उंच चिमणीची सोय

जर्मनीत राइन नदीच्या पूर्व काठावर मानहाइम, पश्चिम काठावर लुडविग्सहाफेन. 1865 मध्ये बीएएसएफ ही रसायन कंपनी स्थापन झाली मानहाइममध्ये, पण कारखाना उभा राहिला समोरच्या काठावर. मानहाइमच्या नगरसभेनं जागा नाकारली. धुराची भीती हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. भीती रास्त होती, उपाय मात्र फसवा. तिथले वारे बहुतेक पश्चिमेचे. नदीपलीकडे धाडलेला कारखाना धूर सोडणार, तो पुन्हा मानहाइमच्याच दिशेनं.

याच कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुडॉल्फ क्नीच यांनी सल्फर डायऑक्साइडपासून सल्फ्युरिक आम्ल बनवण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर यशस्वी केली. त्या आम्लाच्या जोरावर 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपल्याकडच्या निळीच्या मळ्यांचं दिवाळं वाजलं. ती वेगळी कथा. इथं मुद्दा एवढाच की सल्फर डायऑक्साइड हा वायू पकडला तर माल होतो आणि मोकळा सोडला तर आम्लपाऊस. कोळशातलं, तेलातलं गंधक जळून तो हवेत जातो. इंजिनांतून, भट्ट्यांतून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. दोन्ही ढगातल्या पाण्यात विरघळून आम्ल होऊन खाली येतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपनं यावर जो तोडगा काढला, तो मला माणसाच्या स्वभावाचा नमुना वाटतो. चिमण्या उंच केल्या. गावावरचा धूर विरळ झाला, धुतलेले कपडे काळे पडेनात, तक्रारी थांबल्या. गंधक मात्र एक किलोही कमी झालं नव्हतं. ते शेकडो मैल वाऱ्यावर जाऊन नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांत उतरत होतं आणि तिथले मासे मरत होते. 1967 मध्ये स्वीडिश मृदाशास्त्रज्ञ स्वान्ते ओडेन यांनी हा संबंध वर्तमानपत्रातून मांडला, तेव्हा धूर सोडणाऱ्या देशांना तो सहजी पटला नाही.

‘जबाबदारी सगळ्यांची’ हे वाक्य अशा वेळी फार सोयीचं असतं. सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. युरोपात गाडी पुढे सरकली ती हिशेब मांडल्यावर. कुठल्या देशाचं किती गंधक कुठल्या देशात पडतं, याचे तक्ते दरवर्षी होऊ लागले. 1979 मध्ये जिनिव्हात यावर देशांचा करार झाला. 1985 मध्ये हेलसिंकीत ठरलं की 1980 च्या पातळीपेक्षा गंधक तीस टक्के कमी करायचं. 1994 मध्ये ऑस्लोत विचार आणखी पुढे गेला: सरसकट तीस टक्के नको, कुठली माती किती आम्ल सोसू शकते ते पाहून प्रत्येकाचा वाटा ठरवू. वाटणीचा हा न्याय मला जास्त खरा वाटतो. घेणाऱ्याच्या ताकदीवरून देणाऱ्याची मर्यादा ठरते.

जर्मनी जागा झाला तो स्वतःचं रान वाळताना दिसल्यावर. 1983 मध्ये मोठ्या भट्ट्यांसाठी कडक नियम लागू झाला. त्याची तयारी आधीच्या सरकारनं केली होती. अंमल सुरू झाला तेव्हा चान्सलर होते हेल्मुट कोल, जन्मानं लुडविग्सहाफेनचे आणि एकेकाळी तिथल्याच रसायन उद्योगसंघाच्या नोकरीतले. अशा माणसाच्या कारकिर्दीत वीजकेंद्रांना धूर धुण्याची यंत्रणा बसवावी लागली. पुढे रान मेलं नाही. मग लोक म्हणू लागले, उगाच घाबरवलं होतं. काही भाकितं खरंच अतिरंजित होती. पण लुडविग्सहाफेनच्या पश्चिमेला असलेल्या फॅल्झरवाल्ड या जंगलात, जिथली वालुकाश्माची माती आधीच चुन्याला गरीब, सरकारी खर्चानं हेलिकॉप्टरमधून चुना टाकावा लागला, हेही खरंच आहे. ते बिल चिमणीच्या मालकाला गेलं नाही.

आपल्याकडे 2015 मध्ये औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरली. मुदती वाढत गेल्या आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतांश संचांना गंधक काढण्याच्या यंत्रणेतून सूट मिळाली. कारणं अगदीच पोकळ नाहीत: आपल्या कोळशात गंधक कमी, यंत्रणा महाग, शिवाय हवेतली चुनखडीयुक्त धूळ आम्ल बऱ्याच अंशी मारते. पण ती धूळ पावसाळ्यात धुऊन जाते, आणि कोकणातली जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी. शिवाय हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचे सूक्ष्म कण होतात, ते आम्लपाऊस न पडताही फुप्फुसात शिरतात. सूट मिळालेल्या केंद्रांना घातलेली अट अशी: चिमणी नियमानुसार पुरेशी उंच हवी.