निवृत्त प्रेक्षकाचे मत आणि रसविघ्ने

निवृत्तीनंतर नेमाने नवे चित्रपट पाहणारा प्रेक्षक जेव्हा ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ म्हणतो, तेव्हा ते मत चित्रपटाबद्दल असते की सरलेल्या आयुष्याबद्दल, हा रसविचारातला जुना प्रश्न आहे. वयाप्रमाणे आवड बदलते, हे नाट्यशास्त्राच्या 27व्या अध्यायात मान्यच केलेले आहे. तरुणांना शृंगार रुचतो, वृद्धांना धर्माख्याने आणि पुराणे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनेही 1757 साली रुचीवरील निबंधात विशीत ओव्हिड, चाळिशीत होरेस आणि पन्नाशीत टॅसिटस जवळचा वाटतो, असे लिहिले. परंतु आवड वेगळी आणि पारख वेगळी.

पारखीच्या बाजूने अभिनवगुप्त उभा राहतो. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला, तो सहृदय, असे हा काश्मिरी आचार्य सुमारे हजार वर्षांपूर्वी सांगतो. या कसोटीवर आयुष्यभर चित्रपट पाहिलेला माणूस अधिकारीच ठरतो. मात्र अभिनवगुप्तानेच सात रसविघ्नेही, म्हणजे रसास्वादातले अडथळेही, सांगितली आहेत. त्यांतले एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे. उदाहरणार्थ, 2023 साली सुजय डहाके यांचा कृष्णधवल ‘श्यामची आई’ आला. 1953 च्या अत्रे यांच्या याच नावाच्या चित्रपटातली, अभिनेत्री वनमालांनी उभी केलेली आई ज्याच्या मनात घर करून आहे, त्याला नव्या आईकडे नवेपणाने पाहणे अवघड जाते. तिथे आड येते ते त्याचे स्वतःचे बालपण, आणि त्याचा दोष चित्रपटाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. शिवाय जुन्यातले सुमार चित्रपट काळाने केव्हाच गाळून टाकले. नव्यांची अशी चाळण अजून व्हायची आहे, त्यामुळे ही तुलना मुळातच विषम असते.

दुसरे एक विघ्न म्हणजे प्रतीतीची साधने अपुरी असणे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात कॅमेरा बहुधा एका जागी स्थिर राहतो, कुठे रडायचे, कुठे चिडायचे हे पार्श्वसंगीत सांगत नाही. बिनबाह्यांचे कपडे घालून आलेल्या एका बाईचे प्रकरण न्यायाधीश पुढे ढकलतात आणि पुढचा पुकारा होतो, एवढेच. संगीताच्या इशाऱ्यांवर पोसलेल्या नजरेला हे कोरडे वाटते. इथे साधन अपुरे नाही, नजरेला त्याची सवय नाही. ही सवय कोणत्याही वयात लावून घेता येते, त्यामुळे वय ही सबब ठरत नाही.

निवाड्याचा सर्वांत समंजस मार्ग नाट्यशास्त्रकार भरतानेच दाखवला आहे. प्रयोगाविषयी वाद झाला तर त्याने ‘प्राश्निक’, म्हणजे परीक्षक, नेमले: यज्ञाच्या प्रसंगी याज्ञिक, छंदासाठी छंदोविद, शरीराच्या सौष्ठवासाठी धनुर्धर, राजाच्या वागण्यासाठी खुद्द राजा. ज्याचे जे क्षेत्र, त्यात त्याचा शब्द. हा विचार निवृत्त प्रेक्षकाला फार मोठा अधिकार देतो, कारण त्याच्या पदरी एका व्यवसायाचे संपूर्ण आयुष्य असते. कनिष्ठ न्यायालयात हयात घालवलेला शिरस्तेदार ‘कोर्ट’ पाहताना पुकारा कसा होतो, साक्ष टंकलेखकाला कशी सांगितली जाते, पुढची तारीख देताना न्यायाधीशाचा आवाज किती निर्विकार असतो, यावर बोट ठेवून बोलू शकतो. त्याला चित्रपट आवडला की नाही, याला इथे महत्त्व नाही. त्याने दाखवलेली गोष्ट पडद्यावर आहे की नाही, हे दुसऱ्या कोणालाही पुन्हा पाहून पडताळता येते.