रेषेंतला भाव कोणाचा?

निसर्गांत रेषा नाहीं, ही गोष्ट चित्रांविषयीं बोलतांना आपण सहसा विसरतों. पानाला कड असते, डोंगर आकाशाला मिळतो तेथें रंगाचा पालट असतो. परंतु पानाभोंवतीं किंवा डोंगरमाथ्यावर कोणी काळी दोरी ओढून ठेवलेली नसते. मग जी वस्तु सृष्टींत नाहींच, तिच्या योगें काढलेल्या आकृतींत आपल्याला शोक, शांति, आवेग हे भाव इतक्या निःसंशयपणें कसे दिसावेत? ते रेषेचे, चित्रकाराचे, कीं केवळ पाहणाराच्या मनाचे?

होगार्थ या इंग्रज चित्रकारानें १७५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत नागमोडी रेषा हीच सौंदर्याची रेषा असें प्रतिपादिलें. वळणारी रेषा डोळ्याला आपल्यामागून हिंडविते, आणि त्या हिंडण्यांतच सुख आहे, असें त्याचें म्हणणें. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि पाहिला म्हणजे हें मत पटूं लागतें. भुंवईची लांब कमान, खालीं झुकलेल्या पापण्या, त्रिभंगांत कललेला देह. एवढ्या वळणांवर त्या मूर्तीची सारी करुणा तोललेली आहे.

परंतु डहाणू-तलासरीकडच्या वारली घराची गेरूनें सारवलेली भिंत पाहावी, म्हणजे होगार्थचें प्रमेय अडखळतें. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोंकाला ठेचलेली बांबूची काडी, दोन त्रिकोण टोंकाला टोंक लावून केलेलें धड, आणि काड्यांसारखे हातपाय. चेहऱ्याला नाक-डोळे नाहींत. असें असूनही तारपा वाजविणाराभोंवतीं फिरणारी ती माणसांची रांग पाहतांना आपला पाय ठेका धरूं लागतो. कोणी म्हणेल, रांगेचें वेटोळें हेंही वळणच. खरें, पण त्या वेटोळ्याला गति येते ती गुडघ्यांत मोडलेल्या सरळ रेषांनीं. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींनीं होगार्थ वाचला नव्हता, हें एका परीनें बरेंच झालें.

शिवाय, भाव आकारांतच असता तर पद्मपाणीच्या भुंवईवर पातळ कागद ठेवून ती गिरविणारालाही तो साधला असता. तसें होत नाहीं. गिरवलेली रेषा मापानें बिनचूक असूनही बहुधा मेलेली निघते. गिरविणारा पावलोपावलीं खालच्या रेषेची परवानगी घेत चालतो. हात कचरतो, थांबतो, आणि तें थांबणें कागदावर उमटतें. रेषा ही मुळांत हाताच्या हालचालीची खूण आहे. ओल्या मातींतील पाउलें पाहून माणूस चालत होता कीं धांवत होता हें आपण सांगतों. रेषा पाहतांनाही आपलें अंग तेंच करीत असतें.

नंदलाल बोस यांनीं तरुणपणीं लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्यास जाऊन तेथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या भिंतींपासून ते आकारापेक्षां हात शिकले असावेत. कारण १९३० सालीं दांडीयात्रेवर त्यांनीं लिनोलियमचा जो ठसा कोरला, त्यांत अजिंठ्याचें मार्दव औषधालाही नाहीं. काळ्या पृष्ठभागावर काठी घेऊन चालणारे गांधीजी थोड्याशा पांढऱ्या रेषांनीं उभे केले आहेत. लिनोलियमवर हत्यारानें एकदां कोरलेलें पुन्हां पुसतां येत नाहीं. तो निश्चय त्या पावलांत उतरला आहे.

येथें एक नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणें मला प्रशस्त वाटत नाहीं. अशीच ठाम रेषा एखाद्या दांभिक पुढाऱ्याच्या चित्रालाही देतां येईल. विसाव्या शतकांतील हुकूमशहांच्या भित्तिपत्रकांत तडफदार रेषांचा तोटा नाहीं, आणि त्यांनीं चेतवलेल्या माणसांचे पाय खरोखरीच उचलले गेले. रेषा ग्वाही देते ती फार थोड्या गोष्टीची: हा हात कचरला नाहीं, एवढीच. ज्या कार्यासाठीं तो कचरला नाहीं तें योग्य होतें कीं नव्हतें, हें तिला विचारून कळत नाहीं. नंदलालांच्या ठशापुढें आपण नम्र होतों, त्यांत दांडीला काय घडलें याच्या आपल्या ज्ञानाचा वांटा केवढा मोठा आहे! हिंदुस्थानचें नांवही न ऐकलेल्या एखाद्या मुलापुढें तो ठसा ठेवला, तर एक कृश म्हातारा ठामपणें कोठेंतरी निघाला आहे, इतकें त्याला तत्काळ दिसेल. कोठें निघाला आहे, हें त्याला कोणी तरी सांगावें लागेल.