वीणा खाली ठेवू नये



सेवा कोणासाठी करायची, हा प्रश्न मी कीर्तनात अनेकदा सोडवला आहे. श्रोत्यांनी माना डोलावल्या आणि मीही समाधानाने घरी आलो. तोच प्रश्न वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी परमुलखात एका लहान मुलीने विचारला, तेव्हा मात्र उत्तर सुचले नाही.

मुलीकडे राहायला काही महिने केनियातील नैरोबीत गेलो होतो. नात दर शनिवारी किबेरा वस्तीतल्या एका लहान शाळेत गणित शिकवायला जाई, तिच्यासोबत मीही जाऊ लागलो. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी आपल्या फौजेतील सुदानी शिपायांना इथे वसवले. तेव्हा हे रान होते, आणि त्या लोकांच्या बोलीत नावाचा अर्थही रान असाच आहे. आज तिथे गंजक्या पत्र्यांची घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. या वस्तीत दहा लाख माणसे राहतात असे जगाला पुष्कळ वर्षे सांगितले गेले. २००९ च्या जनगणनेत आकडा एक लाख सत्तर हजारांच्या आसपास निघाला. दया जागवण्यासाठी दुःख फुगवून सांगण्याचा मोह कीर्तनकाराला नवा नाही. दृष्टांत आम्हीही फुगवले आहेत.

शाळेत परदेशातून तरुण मुलेमुली सेवेसाठी येत. कोणी दोन आठवडे राही, कोणी तीन. मनाने सगळी निर्मळ. भिंती रंगवीत, गाणी शिकवीत, पोरांना कडेवर घेऊन फोटो काढीत, आणि निघताना रडत. मीही टाळ्या आणि पावली शिकवली. स्वाहिली भाषेत आजोबांना 'बाबू' म्हणतात. पोरे 'बाबू, बाबू' करीत अंगाशी येत आणि माझे डोळे भरून येत. रंगलेल्या कीर्तनानंतर जे सुख होते, तेच हे सुख होते.

एका तुकडीचा निरोप झाला त्या दिवशी सहा-सात वर्षांची एक मुलगी माझे बोट धरून उभी होती. तिने काहीतरी विचारले. नातीने सांगितले, "आबा, ती विचारते, तुम्ही पण जाणार का?"

मी गप्प राहिलो. शाळेच्या बाई जवळच होत्या. त्या म्हणाल्या, "येणारा प्रत्येक जण पहिला धडा शिकवतो. दुसरा धडा शिकवायला कोणी उरत नाही."

त्या रात्री झोप आली नाही. मीही जन्मभर तेच केले होते. एका गावी कीर्तन, गळ्यात हार, दुसऱ्या दिवशी पुढचे गाव. वारीच्या वाटेवर भाकरी वाढणारा आपल्या गावीच असतो आणि घेणारा पुढे जातो. पुढच्या वर्षी दिंडी येते तेव्हा तो तिथेच भेटतो. किबेऱ्यात उलटे होते. घेणारा जागच्या जागी, आणि देणारा निघून जाणारा. दर खेपेला लेकरू माया लावते आणि दर खेपेला ती तुटते. गीतेच्या सतराव्या अध्यायात फळावर डोळा ठेवून दिलेले दान राजस म्हटले आहे. लेकराच्या मिठीचा लोभ हेही फळच नव्हे काय?

येथे कोणी आशंका घेईल की, महाराज, मग जाऊच नये काय? ज्याला तीनच आठवडे आहेत त्याने हात बांधून बसावे काय?

याचे समाधान आपल्या सप्ताहातच आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकटा माणूस सात दिवस उभा राहू शकत नाही, म्हणून पहारे लावतात. आपला पहारा सरला की नमस्कार करून वीणा पुढच्याच्या गळ्यात द्यायची. पहारा लहान असण्यात दोष नाही. आपल्यामागे वीणा जमिनीवर पडली तर दोष आहे. वीणेकऱ्याचे नाव कोणी विचारत नाही, आणि त्यानेही ते सांगायचे नसते.

पुढच्या शनिवारी मी त्या मुलीला खरे सांगितले. हो, जाणार. अजून चार शनिवार. तिने चार बोटे मोजली आणि तोंड फिरवले. मग मी बाईंना विचारले, माझे काम काय? त्यांनी मला स्वयंपाकघरात पाठवले. दुपारी मुलांना मक्याच्या पिठाची उगाली आणि सुकुमा नावाची पालेभाजी असे. ती भाजी चार शनिवार चिरली. नातीने एक वही घातली. कोणते मूल कोणत्या पाढ्यापर्यंत आले, कोण कुठे अडते, हे तिने लिहून ठेवले, म्हणजे पुढे येणाऱ्याने पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करू नये. वही बाईंच्या ताब्यात राहिली.

शेवटच्या शनिवारी निघताना ती मुलगी माझ्या बोटाशी नव्हती. बाईंना टेकून बसली होती आणि अडखळत वाचत होती. तिने मान वर केली नाही. मला थोडे वाईट वाटले. तेवढ्या वाईट वाटण्यात माझा 'मी' अजून किती शिल्लक आहे, ते मला कळले.