नकाराची शिदोरी

१९६६ च्या उन्हाळ्यात इंदिरा गांधींनी व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवा असं जाहीरपणे सांगितलं आणि वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन भडकले. दिल्लीतले अमेरिकी राजदूत चेस्टर बोल्स यांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, की भारत जे बोलतो आहे ते पोप आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांच्याहून काही वेगळं नाही. त्यांना मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की पोपना आणि ऊ थांटना आमचा गहू लागत नाही. बोल्स यांनीच ही हकिकत आपल्या आठवणींत नोंदवली आहे. सार्वभौमत्वाच्या पुस्तकी व्याख्या पुष्कळ आहेत. त्यांतली एकही मला या उत्तराइतकी नेमकी वाटत नाही.

लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. १९६६ साली आपण एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणलं. त्यातला बराचसा 'पीएल ४८०' या अन्नमदत कायद्याखालचा अमेरिकी गहू होता. जहाज बंदराला लागलं की माल थेट रेशनच्या दुकानांकडे निघे, कोठारात साठायला काही उरतच नसे. जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार टाळून थोड्या थोड्या दिवसांपुरता गहू मंजूर करायचा पायंडा पाडला. पुढची खेप कधी सोडायची, हे ते जातीनं ठरवत. त्याच वर्षी ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, आणि ज्या मदतीच्या भरवशावर हा कडू घोट घेतला ती पुढे पुरती आलीच नाही.

याच देशाचं सैन्य आदल्याच सप्टेंबरात पाकिस्तानशी लढताना लाहोरच्या वेशीपर्यंत धडकलं होतं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते, लष्कराचा आत्मविश्वास १९६२ च्या चीन युद्धानंतर प्रथमच सावरला होता. तरीही वर्षभराच्या आत एका दूरच्या युद्धाबद्दल साधं मत मांडायची किंमत आपल्याला मोजावी लागली, कारण धान्याची जहाजं रेंगाळू लागली. माझं म्हणणं इतकंच आहे, की देशाची सुरक्षा आणि देशाची कोठारं हे दोन वेगळे विषय नाहीत. सार्वभौम म्हणजे ज्याला 'नाही' म्हणता येतं, आणि म्हटल्यावर त्याचे परिणाम सोसता येतात. परराष्ट्र मंत्रालय तो नकार फक्त कळवतं. सोसायची ताकद मात्र कृषी, ऊर्जा, उद्योग, विज्ञान या खात्यांत कितीतरी वर्षं आधी जमवावी लागते.

ती जमवली कशी, हे पाहण्यासारखं आहे. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं मागवलं. लेर्मा रोहो, सोनोरा ६४ हे बुटके वाण नॉर्मन बोरलॉग यांच्या कामातून आले होते, आणि ते इथल्या मातीत रुजवायला एम. एस. स्वामिनाथन यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते. दुष्काळाच्या ऐन तडाख्यात परकीय चलन बियाण्यावर खर्च करणं सोपं नव्हतं. मंत्रिमंडळात विरोध होता, नियोजन आयोगात शंका होत्या, डाव्यांना यात अमेरिकेचा हात दिसत होता. सुब्रमण्यम हटले नाहीत. आदल्याच वर्षी अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग उभे राहिले होते, त्यामुळे शेतकऱ्याला भावाची हमी मिळाली आणि सरकारला खरेदीची यंत्रणा. १९६४-६५ चं गव्हाचं विक्रमी पीक सुमारे १ कोटी २३ लाख टन होतं. १९६७-६८ मध्ये ते १ कोटी ६५ लाख टनांवर गेलं.

स्वावलंबन म्हणजे दारं-खिडक्या लावून घेणं, असं मानणाऱ्यांनी इथे थांबावं. बियाणं परदेशी होतं, ते शोधणारा शास्त्रज्ञ अमेरिकी होता. आपण बाहेरून घेतलं ते पुन्हा पुन्हा मागावं लागू नये म्हणून घेतलं. पंजाबच्या भूजलानं या यशाची जबर किंमत मोजली, हेही खरं. तरी त्या क्षणी दुसरा रस्ता होता असं मला वाटत नाही.

१९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी, फरक दिसला. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, डिसेंबरात 'एंटरप्राइज' ही अमेरिकी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, तरी दिल्ली डगमगली नाही. धान्याची दोरी तेव्हा दुसऱ्याच्या हातात नव्हती. अर्थात पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ पडला आणि रेशनवरची बाहेरची लाल मिलो ज्वारी लोकांना पुन्हा खावी लागली. ताकद एकदाच मिळवून भागत नाही, ती टिकवावी लागते.

आज गव्हाची जागा इतर गोष्टींनी घेतली आहे. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून अधिक आयात होतं. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथल्या भूमिगत साठ्यांची क्षमता ५३ लाख टन, म्हणजे जेमतेम साडेनऊ दिवसांची. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीननं दुर्मीळ मृदाधातूंच्या चुंबकांवर निर्बंध आणले आणि आपले वाहन उत्पादक हवालदिल झाले. ऑगस्टमध्ये रशियन तेलाचं कारण देत अमेरिकेनं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. प्रत्येक वेळी आपण बाणेदार निवेदनं काढतो. मी त्यापेक्षा साठ्याचे आकडे आणि प्रयोगशाळांचे अर्थसंकल्प पाहायला सांगेन.

आणि नेपाळकडेही पाहायला सांगेन, कारण तिथे दोरी आपल्या हातात होती. १९८९ मध्ये व्यापार आणि पारगमन करारांच्या वादातून आपण नेपाळच्या सीमेवरची बहुतेक नाकी बंद केली. २०१५ मध्ये नेपाळच्या नव्या राज्यघटनेनंतर सीमेवरून जाणारं इंधन महिनोन्‌महिने अडलं. त्याच वर्षीच्या भूकंपातून सावरत असलेल्या काठमांडूत लोक स्वयंपाकाच्या गॅससाठी रांगा लावत होते. अडथळा राज्यघटनेला विरोध करणाऱ्या मधेशी आंदोलकांचा आहे, आपला नाही, असं दिल्ली सांगत राहिली. काठमांडूनं ते मानलं नाही, आणि तिथल्या लोकांचा राग मला समजतो. मार्च २०१६ मध्ये पंतप्रधान के. पी. ओली बीजिंगला गेले आणि चिनी बंदरांतून माल आणण्याचा पारगमन करार करून आले. आपल्याकडे त्याला कृतघ्नपणा म्हटलं गेलं. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोतून बियाणं मागवलं ते ज्या गरजेपोटी, त्याच गरजेपोटी ओलींनी तो करार केला होता.