भय वाटणे हा दोष आहे काय?

चाकूरसारख्या गावातली मुलगी लातूर-नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाते, तेव्हा सबंध वस्ती तिच्याकडे डोळे लावून बसते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. पुढे, 3 मे 2021 रोजी केंद्र सरकारने नीट-पीजी परीक्षा किमान चार महिने लांबविली आणि एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली सौम्य रुग्णांच्या कामाला लावण्याचे ठरविले. परीक्षेचे भय, संसर्गाचे भय, आपल्यामुळे घरची म्हातारी माणसे दगावतील हे भय! आणि आपण त्यांना ‘योद्धे’ म्हणत होतो. (टाळ्यांना खर्च नसतो.) योद्ध्याला ‘मला भीती वाटते’ असे म्हणण्याची सोय नसते.

तुम्ही म्हणाल, सावित्रीबाई 1897 च्या प्लेगात भ्याल्या नाहीत. हे कशावरून? त्यांनी रुग्णांना डॉक्टर यशवंताच्या दवाखान्यात पोचविले आणि 10 मार्चला त्याच रोगाने त्या गेल्या, एवढे आपणास ठाऊक आहे. त्यांच्या मनात भय नव्हतेच, असे मानले की त्यांचे धैर्य उलट स्वस्त होते.

महावग्गात एक आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला आहे. भगवंतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला धुतले, उचलून निजविले. मग संघाला जाब विचारला: येथे तुम्हाला आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? वसतिगृहाचेही तसेच नाही काय? रात्रपाळीहून परतलेल्या त्या मुलीला ‘जेवलीस का?’ म्हणून कोणी विचारले होते?